उशिरां परतणारी सून आणि जागें घर

गेल्या महिन्यांत पुण्याच्या एका वाचक भगिनीचें पत्र आमच्याकडे आलें. घर तीन पिढ्यांचें व एका चुलीचें. थोरली सून हिंजवडीच्या एका कचेरींत काम करते, आणि पाळीप्रमाणें महिन्यांतून कांहीं दिवस तिला घरीं येण्यास रात्रीचे साडेअकरा वाजतात. एके रात्रीं रिक्षावाल्यानें नेहमींचा रस्ता सोडून भलतीकडेच वळण घेतलें. तिनें दोनदां विचारलें. धड उत्तर मिळालें नाहीं. सिग्नलपाशीं रिक्षा थांबतांच ती उतरली, समोरच्या उघड्या औषधांच्या दुकानांत जाऊन उभी राहिली, आणि तेथून तिनें फोन केला तो घरीं नव्हे, तर कचेरींतल्या मैत्रिणीला. हा सारा प्रकार सासूबाईंना तीन आठवड्यांनीं, तोहि त्या मैत्रिणीच्या बोलण्यांतून सहज निघाला म्हणून कळला. “तिची नोकरी सोडवावी काय?” असें त्यांनीं आम्हांस विचारलें आहे. पत्राच्या शेवटीं मात्र एक ओळ आहे: “तिनें आम्हांला कां सांगितलें नाहीं, हेंच मनाला लागून राहिलें आहे.”

आमच्या मतें पहिल्या प्रश्नाचें उत्तर या शेवटच्या ओळींतच आहे. सुनेनें सांगितलें नाहीं, कारण सांगितल्यावर काय होईल हें ती जाणून होती. रिक्षावाल्याचा दोष बाजूस राहून तिच्या नोकरीवर घरांत खल झाला असता. ज्या घरांत संकट सांगितलें असतां शिक्षा मिळते, त्या घरांत संकटें येत नाहींत असें नाहीं. तीं फक्त सांगितलीं जात नाहींत. आणि न सांगितलेलें संकट हें सांगितलेल्याहून नेहमींच मोठें असतें.

हें दुसऱ्यास शिकविण्यापूर्वीं आमचा दोष आम्ही कबूल करतों. आमच्या घरची एक मुलगी उशिरां येऊं लागली तेव्हां दार उघडतांच आमच्या तोंडून पहिला शब्द निघे तो “किती हा उशीर!” हाच. पुढें केव्हांतरी तिनें हंसत सांगितलें, कीं कोपऱ्यावर एक मनुष्य आठवडाभर तिच्या मागें येत होता. पण “तुमच्या कपाळावरची आठी पाहून” तिनें तें मनांतच ठेवलें. तिचें तें हंसणें आम्हांस आजहि विसरतां येत नाहीं.

‘सातच्या आंत घरांत’ हें वचन आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलें आहे. दिवेलागणीस लेकीसुना डोळ्यांसमोर असाव्या ही त्यामागील माया आम्ही नाकारीत नाहीं. परंतु हा नियम सर्व स्त्रियांस सर्वकाळ कधींच लागू नव्हता. मध्यरात्रीं कंदील घेऊन बोलावणें आलें कीं सुईण निघे, आणि आपल्या आज्यापणज्यांचीं बाळंतपणें तिच्याच हातून पार पडलीं. पुढें १९०९ मध्यें पुण्यास सेवासदन निघालें, व तेथून शिकलेल्या परिचारिका रुग्णांच्या सेवेस लागल्या; रुग्णसेवेस रात्रपाळी ही आलीच. घराबाहेरच्या बाईची रात्र आपणांस चालली, घरच्या बाईची रात्र आली तेव्हां मात्र नियम आठवला, हें प्रामाणिकपणें मान्य केलें पाहिजे.

शिवाय या नियमांनीं रक्षण होतें तरी किती, तेंहि पाहावें. ता. १६ डिसेंबर २०१२ रोजीं दिल्लींत जिच्यावर प्राणघातक अत्याचार झाला, तिच्यासोबत ओळखीचा पुरुष होता, आणि वेळ मध्यरात्रीची नव्हे, रात्रीं नऊनंतरची होती. प्रवासी घेणारी नेहमींची बस समजून तीं दोघें आंत चढलीं. २००७ च्या नोव्हेंबरांत पुण्यांत जी मुलगी रात्रपाळीस निघाली ती कचेरीनें ठरविलेल्या गाडींतच बसली होती. चालकानें व त्याच्या साथीदारानेंच तिचा घात केला. आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें स्वारगेटच्या एस. टी. स्थानकावर जें घडलें, तें फिर्यादीप्रमाणें पहाटे पावणेसहाच्या सुमारास. “तुमची गाडी तिकडे लागली आहे” असें गोड बोलून त्या तरुणीस उभ्या असलेल्या रिकाम्या बसकडे नेण्यांत आलें. सोबत पुरुष असावा, कचेरीचें वाहन असावें, रात्र नसावी, हे आपले तिन्ही नियम येथें पाळले गेले होते. या तिघींपैकीं एकीचाहि कांहीं दोष नव्हता, हें आम्ही ठासून सांगतों. आपण घ्यावयाचा बोध एवढाच, कीं दुष्टपणा पुष्कळदां विश्वासाचा वेष घेऊन येतो. सरकारी आंकडे तर वर्षानुवर्षें हेंच सांगतात, कीं नोंदल्या गेलेल्या बलात्काराच्या दर दहा गुन्ह्यांत नऊंहून अधिक वेळां आरोपी ओळखीचाच असतो. तेव्हां भीति सगळी रस्त्यावर टाकून घर निश्चिंत राहूं शकत नाहीं.

मग करावें काय? प्रथम त्या सुनेनें जें केलें तेंच पाहा. मनास शंका येतांच ती थांबली नाहीं. ‘रिक्षावाल्यास काय वाटेल’ हा विचार तिनें केला नाहीं. अंधारांत पळत न सुटतां ती उजेडांत व माणसांत गेली. आमच्या दृष्टीनें हें शहाणपण सासूबाईंनीं कौतुकानें सांगावें असें आहे. आपल्या मुलींस आपण मर्यादा शिकवितों, ती भली गोष्ट. पण भिडस्तपणा हा तिचा भाग नव्हे. भीड ही भिकेची बहीण, असें आपल्याकडे म्हणतात; रात्रीच्या रस्त्यावर ती त्याहूनहि वाईट ठरते. अनोळखी मनुष्याच्या प्रश्नास उत्तर न देणें, लिफ्टमध्यें शिरतां शिरतां परत फिरणें, मध्येंच वाहन सोडणें, यांपैकीं कशाचीहि क्षमा मागावी लागत नाहीं. मागाहून शंका खोटी ठरली तर नुकसान चार पैशांचें.

कांहीं गोष्टी संवयीच्या करून घ्याव्या. मोबाइलवरून गाडी मागविली असतां पाटीवरचा क्रमांक जुळल्यावांचून आंत बसूं नये, आणि “अमुकच ना तुम्ही?” अशा प्रश्नास हो म्हणण्याऐवजीं “कोणासाठीं गाडी आणली?” असें आपणच विचारावें. मागच्या आसनावर बसावें, दार आंतून उघडतें कीं नाहीं तें निघण्यापूर्वींच पाहावें, व वाटेचा नकाशा घरच्या एका माणसास दिसत राहील असें करावें. रस्त्यावर थांबवलेल्या रिक्षाचा क्रमांक बसण्यापूर्वीं घरीं धाडावा. तो चालकास दिसेलसा धाडला तर अधिक बरें. चालतांना दोन्ही कान गाण्यानें बंद करूं नयेत. समोरून वाहनें येत असतील त्या कडेनें चालावें, म्हणजे मागून येऊन गाडी आपल्याजवळ थांबूं शकत नाहीं. कोणी पाठलाग करीत आहे असें वाटल्यास सरळ घरीं जाऊन त्यास आपलें दार दाखवूं नये; पेट्रोलपंप, दवाखाना, उघडें दुकान किंवा पोलीस चौकी गांठावी.

एस. टी. स्थानकावर गाडीची चौकशी खिडकीपाशीं अथवा गणवेशांतील वाहकापाशींच करावी, आणि ज्या गाडींत इतर उतारू नाहींत तींत एकटीनें चढूं नये. मुंबईच्या लोकलचे कांहीं महिला डबे ठराविक वेळेपुरतेच राखीव असतात. डब्यावरची पाटी वाचावी. रात्रीं महिला डब्यांत पोलीस नेमण्याची पद्धति आहे. तो ज्या डब्यांत असेल तेथें बसावें. डबा अगदींच रिकामा झाला तर पुढील स्थानकावर उतरून माणसें असतील त्या डब्यांत जावें, मग तो महिलांचा नसला तरी चालेल.

प्रसंग आलाच, तर पिशवी किंवा दागिना मागणारास तो देऊन टाकावा. सोनें पुन्हा होतें. अंगावर कोणी आला तर नुसतें “वाचवा” न ओरडतां एखाद्या माणसास उद्देशून ओरडावें: “अहो निळा सदरावाले काका, इकडे या, याला धरा!” जमावास हांक मारली तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे पाहतो; एकास मारली तर तो एक पुढें येतो. पोलिसांसाठीं ११२, महिलांच्या साहाय्यासाठीं १८१ व रेल्वेंत १३९ हे क्रमांक पाठ असावेत. ११२ ला तात्काळ फोन लागावा अशी कळ मोबाइलमध्यें असते; ती आपल्या फोनांत कशी दाबावी लागते तें घरींच बसून पाहून ठेवावें, व सासूबाईंनींहि तें शिकून घ्यावें.

कायद्याचीहि थोडी माहिती घरांत असावी. पाठलाग करणें हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत त्यास कलम ७८ आहे. गुन्हा कोठेंहि घडला असला तरी तक्रार कोणत्याहि पोलीस ठाण्यांत नोंदवितां येते. ‘हद्द आमची नाहीं’ हें उत्तर ऐकून परत येण्याचें कारण नाहीं. साक्षीदार म्हणून विचारपूस करण्यासाठीं स्त्रीस राहत्या घराबाहेर बोलावतां येत नाहीं. आणि महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानें व आस्थापना कायद्याप्रमाणें रात्रीं साडेनऊनंतर स्त्रीस कामावर ठेवावयाचें तर तिची संमति लागते, आणि संरक्षणाची व घराच्या दारापर्यंत पोंचविण्याची सोय मालकास करावी लागते. तेव्हां आमच्या भगिनीस आमची पहिली सूचना अशी, कीं नोकरी सोडविण्यापूर्वीं सुनेच्या कचेरीस तें वाहन कां देत नाहीं हें विचारावयास लावावें. जें मागावयाचें तें सुनेकडून न मागतां मालकाकडून मागावें.

दुसरी सूचना घरांतील पुरुषांस. रात्रीं स्कूटर घेऊन कोपऱ्यापर्यंत जाणें हें उपकाराचें काम समजूं नये. तिची पाळी ज्या दिवशीं असेल त्या दिवशीं कोणी जावयाचें तें आधींच ठरलेलें असावें. आणि घरांतील मुलगे रात्रीं कट्ट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या मुलींकडे कसे पाहतात, याची चौकशी त्याच घरानें करावी. दुसऱ्याच्या सुनेची भीति पुष्कळदां आपल्याच मुलाच्या थट्टेंतून जन्मते.

तिसरी सूचना सासूबाईंस, आणि तीच आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. तिला जवळ बसवून सांगावें, कीं पुन्हा असा प्रसंग आला तर पहिला फोन घरीं कर. किती वाजले, कोठें आहेस, तेथें कां गेलीस, यांपैकीं एकहि प्रश्न त्या रात्रीं विचारला जाणार नाहीं, आणि त्यापायीं तुझी नोकरीहि जाणार नाहीं. हा शब्द द्यावा व तो पाळावा. बाहेरचा दिवा लावून ठेवावा. साडेअकराला ती आली कीं झांकून ठेवलेला भात ऊन करून वाढावा, आणि तिचें जेवण होईपर्यंत उशिराचें नांव काढूं नये. मग जें घडलें असेल तें ती आपण होऊनच सांगेल.