समृद्धीवर छोटी गाडी १२० ने: पळेल हो, पण थांबेल का?

५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा पूर्ण झाला. आता लग्न असो, दवाखाना असो की देवदर्शन, आपल्याकडच्या छोट्या गाड्याही सर्रास समृद्धीला लागतात. पारावर एक प्रश्न हमखास निघतो, "आपली अल्टो एकशेवीसने चालेल का?" लगेच कुणीतरी म्हणतं, "चालते की! मी तर एकशेतीसने आणली."

चालते हे खरंच आहे. सपाट भागात कारसाठी मर्यादाही १२० चीच आहे. पण मर्यादा म्हणजे याच्या वर जायचं नाही एवढाच अर्थ. प्रत्येक गाडीने तो काटा गाठलाच पाहिजे असं सरकारने कुठं सांगितलेलं नाही. इंजिन पळवतं, पण वेळ आली की थांबवायचं काम ब्रेक आणि टायरचं असतं. खरी अडचण तिथं आहे.

हिशोब साधा आहे. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. समोर आडवं जनावर दिसलं, पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे. मग ब्रेक लागून थांबायला आणखी ८० मीटरच्या आसपास. म्हणजे चांगल्या ब्रेकच्या गाडीलाही एकूण ११० मीटर लागतात. हीच गाडी ८० वर असती तर साधारण ५७ मीटरमध्ये थांबली असती. वेग दीडपट, थांबायचं अंतर जवळजवळ दुप्पट, आणि धडकेचा जोर सव्वादोन पट.

त्यात आपली भरती बघा. छोटी गाडी रिकामी असते साडेसातशे-साडेआठशे किलोची. पाच मोठी माणसं, बॅगा आणि वर कॅरिअरला तांदळाचं पोतं, झाले चारशे किलो. गाडीच्या निम्मं वजन वर चढवून तिच्याकडून रिकाम्या गाडीसारखं थांबायची अपेक्षा करायची? भरलेली ट्रॉली उताराला कशी ढकलते हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. शिवाय हलकी गाडी वाऱ्याला हलते. शेजारून ट्रॅव्हल्स गेली की स्टेअरिंग हाताला ओढ देतं.

आता टायर. आपल्याकडे एक समज पक्का आहे की उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, म्हणजे टायर फुटत नाही. हे उलटं आहे. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, दर फेऱ्याला जास्त वाकतो आणि त्यानेच जास्त तापतो. तासभर सलग वेगात चालल्यावर असाच टायर फुटतो. किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, भरलेल्या गाडीचा आकडा बहुतेक वेळा वेगळा दिलेला असतो. टायर गार असताना त्याप्रमाणे भरा. दुसरं म्हणजे टायरचं वय. गावातली गाडी महिन्यातून चारदा निघते, नक्षी शाबूत दिसते, पण उन्हात उभं राहून रबर कडक होतं, भेगा पडतात. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुना, भेगाळलेला टायर घेऊन समृद्धीवर चढूच नये.

सेकंडहँड गाडी असेल तर साल बघा. नव्या गाड्यांना एबीएस एप्रिल २०१९ पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलमध्ये बहुतेक दोन्ही नसतात. २०१४ साली ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेल्या अल्टो ८००, नॅनो, आय-टेन वगैरे पाच गाड्या ताशी ६४ ने धडकवल्या. मोठ्या माणसांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. १२० ला जोर त्याच्या साडेतीन पट होतो. सगळ्याच छोट्या गाड्या तशा नाहीत हेही खरं, टाटा पंचला २०२१ मध्ये पाच तारे मिळाले. पण पाच तारेही ६४ च्याच धडकेचे आहेत आणि पट्टा लावलेल्या माणसासाठी आहेत. मागच्या सीटवरच्यांनीही पट्टा लावायचा असतो, हे आपल्याकडे अजून कुणी मनावर घेत नाही.

एवढं करून वाचतं काय? २०० किलोमीटरला १०० च्या वेगाने दोन तास लागतात, १२० ने एक तास चाळीस मिनिटं. वीस मिनिटं. तेवढा वेळ तर आपण चहाच्या टपरीवर घालवतो. वर वेग वाढला की हवेचा अडथळा वाढतो आणि पेट्रोलचा खर्चही.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. टायर-ब्रेक चांगले, माणसं मोजकी, तर छोटी गाडी ९० ते १०० वर ठेवा. गाडी भरलेली किंवा जुनी असेल तर ८० पुरे. ट्रकची मर्यादाही तेवढीच आहे, तेव्हा डाव्या लेनने चाला, कुणाची अडचण होत नाही. २०१९ नंतरची गाडी ८० च्या वर गेली की मधूनमधून आणि १२० च्या वर सलग वाजते. तो आवाज बंद करून घेऊ नका.

प्रशासनाकडेही एक मागणी आहे. आरटीओने चढण्याच्या ठिकाणी टायर तपासणीच्या मोहिमा केल्या, ते चांगलंच झालं. पण मोहीम चार दिवसांची असते आणि गाड्या रोज चढतात. प्रत्येक इंटरचेंजवर मोफत हवा तपासायची कायमची सोय हवी. तोवर निघायच्या आधी गावातल्या पंक्चरवाल्याकडे पाच मिनिटं थांबा, स्टेपनीचीही हवा बघून घ्या.