उरलेले अंजीर आणि घरातील मेहनतीचा हिशेब

कुरआन शरीफमध्ये ज्या फळाच्या नावाने एक सूरह आहे, ते अंजीर रमजानमध्ये आपण वाळलेल्या माळांच्या रूपात घेतो. तो माल बहुधा अफगाणिस्तानचा. इकडे पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात, सासवड-दिवे भागात, ताजे अंजीर पिकते. 2016 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण हे फळ कापडाच्या गठ्ठ्यासारखे गोदामात ठेवता येत नाही. केळी कच्ची उतरवून पिकवतात. अंजीर मात्र झाडावरच पिकावे लागते, आणि तोडल्यावर एक-दोन दिवसांतच नरम पडते. आवक वाढली की ठेचलेला माल संध्याकाळी मिळेल त्या भावाने जातो, नाहीतर फेकला जातो. हा इसराफ तर आहेच, शिवाय धंद्याचे नुकसानही आहे.

याला एक घरगुती उपाय म्हणजे चटणी. एक किलो पिकलेले अंजीर देठ काढून चिरावे. दोनशे ग्रॅम कांदा, तीनशे ग्रॅम गूळ, आल्याचा तुकडा, मूठभर मनुका, लाल मिरची, मीठ, दोन-चार लवंगा, दालचिनी आणि पाव लिटर सिरका घालून स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर तासभर शिजवावे. बिनकल्हईचे तांबे-पितळ वापरू नये. चमचा फिरवल्यावर तळाशी वाट राहिली की चटणी झाली. उकळून घेतलेल्या काचेच्या बरणीत ती गरम असतानाच भरावी. अंजिरात आंबटपणा कमी असतो, म्हणून सिरक्यात काटकसर करणे म्हणजे माल खराब करणे. फुटलेले फळ चालेल. आंबलेले किंवा बुरशीचे मुळीच नाही. दोन-तीन आठवडे मुरल्यावर चव खुलते. कबाबाबरोबर तर विचारूच नका!

चटणी विकायची असेल तर 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते. पण आमचे म्हणणे वेगळ्याच गोष्टीबद्दल आहे. आपल्या घरांत लोणची, पापड, शेवया स्त्रिया करतात, विकतात पुरुष, आणि गल्ल्यात पैसा आला की तो "घरचा" होतो. कापडाच्या धंद्यात आम्ही रंगाई, शिलाई, हमाली सारे दरात धरतो. मग चिरणे, कच्च्या अंजिराच्या चिकाने हातांना सुटणारी खाज, तासभर चुलीपुढे उभे राहणे, हे फुकट कसे? शरीअतने स्त्रीची कमाई तिच्याच मालकीची ठरवली आहे. हे वाझमध्ये सर्वजण मान्य करतात, वहीत कोणी लिहीत नाही!

म्हणून बरणीची किंमत ठरवताना फळ, गूळ, सिरका, गॅस, काच यांच्याबरोबर तिचे तासही मांडावेत, आणि रक्कम तिच्या नावाच्या खात्यात जमा करावी. एवढे धरून भाव बाजारात टिकत नसेल, तर चटणी घरच्या दस्तरखानावरच ठेवावी.