बाईच्या मागे कोण बसणार?

गाण्याला अजून अर्धा तास होता आणि मृदंगवादक स्वयंपाकघराच्या दाराशी रिकामी वाटी घेऊन उभे होते. त्यांना भिजवलेला रवा हवा होता. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओला रवा थापतात, त्याशिवाय त्याला घुमारा येत नाही. त्यांना मराठी येत नव्हते, आमच्या बायकांना तमिळ. बरेच हातवारे झाले. मग आमच्या बचत गटातल्या एक मावशी एकदम म्हणाल्या, “अगं, आपल्या पखवाजाला कणीक लावत्यात, तसंच हाय की हे!” त्यांनी रवा भिजवला, बोटांनी दाबून पाणी बेताचे आहे ना ते पाहिले आणि वाटी त्यांच्या हातात दिली.

लोणावळ्यातल्या एका बंगल्याच्या हिरवळीवर हा कार्यक्रम होता. गाणार होत्या कर्नाटक संगीतातल्या एक ज्येष्ठ गायिका, सत्तरी ओलांडलेल्या. जमणाऱ्या देणगीतला काही भाग आमच्या संस्थेला मिळणार म्हणून मला निमंत्रण होते, आणि शंभर माणसांच्या जेवणाचे काम मावळातल्या आमच्या गटाला मिळाले होते. भाकरी, पिठले, इंद्रायणीचा भात. पाहुण्यांना ‘गावरान’ हवे होते. गायिकेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण मला जे भांडायचे आहे ते त्यांच्याशी नाही.

मला कर्नाटक संगीतातले काही कळत नाही. आमच्या घरी रेडिओवर नाट्यगीते लागत, त्यापलीकडे माझी मजल नाही. पण त्या संध्याकाळी मी दोन तास हलले नाही. आवाज वयाने थकलेला होता, वरच्या स्वरापाशी त्या क्षणभर थांबत, श्वास घेत आणि मग सावकाश तिथे पोचत. घाई नव्हती, कोणाला दिपवायचे नव्हते. डाव्या हाताने मांडीवर ताल मोजत होत्या आणि मृदंगवाला जरा जास्त उसळला की नुसत्या डोळ्यांनी त्याला जागेवर आणत होत्या. एक बाई चार पुरुषांच्या मधोमध बसून मैफल चालवते आहे आणि ते तिच्या इशाऱ्यावर वाजवताहेत, हे दृश्यच माझ्यासारखीला पुरेसे होते.

शेवटी त्यांनी मराठी अभंग घेतला. दक्षिणेकडच्या मैफलींत तशी पद्धत आहे. स्वयंपाकघराच्या दारात आमच्या बायका पदराला हात पुसत येऊन उभ्या राहिल्या. त्यांना कोणी बसा म्हटले नाही. मीही म्हटले नाही, हे इथे लिहून ठेवते. मावशी माझ्या कानाशी म्हणाल्या, “चाल आपली न्हाई. पर इठ्ठल आपलाच.”

आणि मग आभाराचे भाषण झाले.

भाषण करणारे गृहस्थ सज्जन असतील. त्यांनी सांगितले की या गायिकेने कधी संसाराकडे दुर्लक्ष केले नाही, पतीच्या पाठिंब्यामुळेच त्या इथवर आल्या, त्यांचे गाणे ‘सात्त्विक’ आहे कारण त्यांचे घराणे सुसंस्कृत आहे, आणि खऱ्या प्रतिभेला कोणी अडवू शकत नाही. टाळ्या पडल्या. गायिका खाली बघत होत्या.

मैत्रिणींनो, या चार वाक्यांतले शेवटचे वाक्य सर्वात खोटे आहे.

कर्नाटक संगीताचा इतिहास थोडा जरी चाळला तरी दिसते की हे संगीत ज्यांनी सांभाळले त्यांत देवदासी समाजातल्या स्त्रियांचा वाटा फार मोठा होता. बंगलोर नागरत्नम्मा (१८७८–१९५२) ही त्यांच्यातलीच. तिरुवैयारूला त्यागराजांची समाधी पडझडीला आली होती. तिथली जमीन मिळवून, आपली आयुष्यभराची कमाई घालून तिने १९२०च्या दशकात तिथे मंदिर बांधले. आणि त्याच जागी दरवर्षी होणाऱ्या आराधनेत बाईला गायची मनाई! पुरुषांचे दोन गट आपसात भांडत होते, पण बाईला गाऊ द्यायचे नाही यावर दोघांचे एकमत होते. तेव्हा नागरत्नम्माने बायकांचा तिसरा गट उभा केला आणि मंदिराच्या मागच्या बाजूला त्यांचे गाणे सुरू केले. १९४०च्या सुमारास हे गट एकत्र आले, तेव्हा कुठे बायकांना त्यांची जागा मिळाली.

हीच नागरत्नम्मा आपल्यातल्या काहींना दुसऱ्या कारणाने ठाऊक असेल. मुद्दुपलनी या गणिकेचे ‘राधिका सांत्वनम्’ हे तेलुगू काव्य तिने १९१० साली पुन्हा छापले आणि ‘अश्लील’ म्हणून सरकारने ते जप्त केले. मुद्दुपलनी होती तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्यांच्या दरबारात, म्हणजे आपल्याच मराठी राजाच्या पदरी. तंजावरच्या मराठी राज्यातूनच आपल्या कीर्तनातली ओवी, साकी, दिंडी तिकडच्या हरिकथेत गेली. तिकडचा राजा मराठी होता याचा आपण अभिमान मिरवतो. त्याच्या दरबारातल्या बाईने काय लिहिले, ते विचारत नाही.

आणि वाद्यवाल्यांचे काय? पालघाट मणी अय्यर हे मृदंगातले फार मोठे नाव. त्यांनी कित्येक वर्षे कोणाही गायिकेची साथ केली नाही. पुढे डी. के. पट्टम्माळ यांच्यामागे ते बसले, तेव्हा दोन्ही घरांत सोयरीक झालेली होती. पट्टम्माळ या ब्राह्मण घरातल्या. मंचावर गाणाऱ्या त्या समाजातल्या अगदी सुरुवातीच्या स्त्रियांपैकी. रागम्-तानम्-पल्लवी हा पुरुषांचा प्रांत मानला जाई, तोही त्यांनी घेतला. म्हणजे गुणाची कमतरता नव्हती. तरीही वाट पाहावीच लागली. मद्रासची संगीत अकादमी स्थापन झाली १९२८ साली. तिथला ‘संगीत कलानिधी’ हा मान पहिल्यांदा स्त्रीला मिळाला तो १९६८ साली, एम. एस. सुब्बुलक्ष्मींना. चाळीस वर्षे! सुब्बुलक्ष्मींची आई षण्मुखवडिवू वीणा वाजवीत, त्या देवदासी परंपरेतल्या. पण सुब्बुलक्ष्मींची जी प्रतिमा घरोघर पोचली ती आदर्श गृहिणीची. कपाळाला कुंकू, रेशमी साडी, मागे पती. आई त्या चित्रातून गळून गेली.

हे सगळे दूर मद्रासचे आहे असे समजू नका. गंगूबाई हनगलांची आई अंबाबाई कर्नाटक पद्धतीचे गात. मुलगी हिंदुस्थानी शिकू लागली, तेव्हा तिच्या गळ्यावर आपल्या गाण्याची छाया पडू नये म्हणून त्यांनी आपले गाणे बंद केले. आईने मुलीसाठी केलेला त्याग म्हणून ही गोष्ट फार प्रेमाने सांगतात. मला ती ऐकताना दर वेळी वाटते, त्या माउलीचे गाणे कुठे गेले? गंगूबाईच म्हणत की मुसलमान गवई उस्ताद होतो, हिंदू पंडित होतो, आणि केसरबाई, मोगूबाई मात्र बाईच राहतात.

आता मावळात येते.

पवनेकाठच्या एका गावात आमच्या गटाचे महिला भजनी मंडळ आहे. गावाचे नाव नको, बायकांना तिथेच राहायचे आहे. दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह असतो. ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बायका पुरुषांपेक्षा जास्त बसतात. भाकऱ्या, आमटी, भांडी त्यांचीच. पण महिला मंडळाला गायला वेळ मिळतो दुपारी तीनचा, जेव्हा मांडवात झोपलेली म्हातारी माणसे आणि पोरे असतात. गेल्या वर्षी बायकांनी एका रात्रीचा जागर मागितला. तीन बैठका झाल्या. आमच्या बायका हटल्या नाहीत आणि कमिटीने ‘बरं, घ्या’ म्हटले.

रात्री दहाला मांडव भरला. बायका टाळ घेऊन उभ्या राहिल्या. आणि पखवाजवाला उठला. “बाईच्या मागं बसायला मला जमायचं न्हाई,” एवढेच बोलून बाहेर जाऊन तंबाखू मळत बसला. (वारकऱ्यांत पखवाजाला मृदंगच म्हणतात. वाद्ये वेगळी, पण उठून जाण्याची रीत दोन्हींकडे एकच.) बायकांनी नुसत्या टाळांवर जागर केला. ठेका सांभाळायला कोणी नाही, एक पुढे जाते, एक मागे राहते, आवाज चिरकतात. तासाभरात मांडव अर्धा झाला. दुसऱ्या दिवशी पारावर निकाल लागला, “रंगलं न्हाई. आम्ही सांगतच हुतो, बायांचं काम न्हाई ते.”

आधी साथ काढून घ्यायची आणि मग गुण नाही म्हणून निकाल द्यायचा, ही ती युक्ती आहे. पखवाजाविना बाई बेताल झाली की दोष बाईच्या गळ्याचा. सभेत बाईला माईक द्यायचा नाही आणि मग म्हणायचे, बायका बोलत नाहीत. जमिनीला तिचे नाव लावायचे नाही आणि मग तिला शेतकरी म्हणायचे नाही. प्रतिभेला कोणी अडवू शकत नाही म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना मी त्या मांडवात बसवू इच्छिते.

त्या पखवाजवाल्याला मी नंतर भेटले. वाईट माणूस नाही. म्हणाला, वाद्य सोवळ्यातले आहे, बायकांची अडचण असते. मी विचारले, “कातडे कोणाचे आहे?” बकऱ्याचे. “ते कमावले कोणी?” तो गप्प. “आणि कणीक कोण मळून देतं?” त्याची बायको आमच्याच गटात आहे. मेलेल्या जनावराचे कातडे चालते, ते कमावणाऱ्या दलिताचे श्रम चालतात, बाईच्या हातची कणीक चालते. फक्त तिने त्याच्यावर हात ठेवलेला चालत नाही. मृदंगाचेही तेच आहे. ती वाद्ये घडवणाऱ्या दलित ख्रिस्ती कारागिरांवर टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली पुस्तक लिहिले, तेव्हा कुठे रसिकांना त्यांची नावे कळली.

आपल्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, पाण्याचा, रोजगाराचा, मारझोडीचा प्रश्न सोडून हे शास्त्रीय संगीत कशाला? ते उच्चवर्णीयांचे चोचले. तिचे अर्धे खरे आहे. त्या हिरवळीवरचे श्रोते कोण होते ते मी पाहिले आहे. पण मग भजनाचे काय? सप्ताहाच्या मांडवात गावाची प्रतिष्ठा ठरते. तिथे रात्री कोण उभे राहते आणि दुपारी कोण, यावरून ग्रामसभेत कोणाचे ऐकायचे तेही ठरते. मार खाणारी बाई ज्या मांडवात गाऊ शकत नाही, त्याच मांडवातल्या पुरुषांसमोर तिने आपले गाऱ्हाणे मांडावे अशी आपली अपेक्षा असते.

शिवाय आपणही कुठे वेगळ्या वागलो? एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला शिकवले की गाणे हे जाणीवजागृतीचे ‘माध्यम’ आहे. मी गाण्यांच्या छापील पुस्तिका घेऊन वाड्यावस्त्यांवर गेले, बायकांना आपली गाणी शिकवली. त्या गायल्या, मजेने गायल्या. तुमची कोणती गाणी आहेत, हे मी दोन वर्षे विचारले नाही. हेमा राईरकर आणि गी पॉयटेव्हिन यांनी गरीब डोंगरी संघटनेच्या कार्यकर्त्या-कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन याच मावळ-मुळशीच्या डोंगरांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. तो संग्रह पुढे महाराष्ट्रभर पसरला आणि एक लाखाच्या वर गेला. ओव्या गाणाऱ्या बायकांच्या नावासकट त्या नोंदलेल्या आहेत. नवरा, सासर, माहेर, सीता, आंबेडकर, सगळे त्यात आहे. पण जात्यावर साथीला कोणी लागत नाही, पहाटेच्या अंधारात कोणी ऐकायला नसते. म्हणून तिथे बाई मोकळी गायली. मांडवात यायचे तर साथ लागते.

जेवणे झाल्यावर मी त्या गायिकेपाशी गेले. माझे इंग्रजी आणि त्यांचे हिंदी, दोन्ही बेताचे. मी विचारले, तुम्हाला असा कोणी उठून गेलेला आठवतो का? त्या हसल्या. म्हणाल्या, उठून गेलेले थोडे. बसून मुद्दाम चुकीच्या जागी जोरात वाजवणारे जास्त. मग म्हणाल्या, मृदंग वाजवणाऱ्या मुली आता आहेत, पण त्यांना मोठ्या गवयांच्या मागे बोलावत नाहीत. २०१८ साली मद्रासच्या गायिका-नर्तकींनी छळाविरुद्ध तोंड उघडले आणि अकादमीने त्या डिसेंबरच्या हंगामातून सात कलाकारांना वगळले, त्याबद्दलही मी विचारले. त्यावर त्या फक्त म्हणाल्या, “उशीर झाला.” तेवढ्यात यजमान आले. मावशींनी निघताना त्यांच्या हातात भाकरीची पुरचुंडी दिली, ती त्यांनी पर्समध्ये ठेवलेली मी पाहिली.

मावशींची नात नववीत आहे. ती डब्यावर ठेका धरते आणि चुकत नाही. तिला पखवाज शिकायचा आहे. गावात शिकवणारा एकच, तो तोच. वडगावला एकाला विचारले, तो म्हणाला मुलीने मांडीवर पखवाज घेऊन बसणे बरे दिसत नाही. कीर्तन करणाऱ्या स्त्रिया आज महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, पण त्यांच्या मागे पाहा, साथीला पुरुषच असतात. त्या पुरुषांनी न येण्याचे ठरवले तर?

म्हणून ही विनंती. तुमच्या भागात पखवाज वाजवणारी आणि शिकवू शकणारी बाई असेल तर संपादकांकडे कळवा. महिन्यातून दोन रविवार लोणावळा किंवा कामशेतपर्यंत लोकलने यायची तयारी हवी, पुढे आम्ही आणू-पोचवू. प्रवासखर्च गट देईल. त्या संध्याकाळच्या जेवणाचे पैसे बायकांनी त्यासाठीच बाजूला ठेवले आहेत. जुना पखवाज मिळाला तरी चालेल, पुड्या बदलून घेता येतील. या वर्षीच्या सप्ताहात जागराची रात्र मागायचा अर्ज बायकांनी कमिटीकडे दिलेला आहे.