वडशाहून कुणी बोलतंय का?

मोबाईलच्या जमान्यात वायरलेसचा परवाना कशाला, हा प्रश्न वडशात मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, वीज जाते आणि पाठोपाठ टॉवरही मुका होतो. अशा जिल्ह्यात हा प्रश्न इतक्या सहजपणे विचारला जावा, याचे मला नवल वाटते.

हौशी रेडिओ, म्हणजे ज्याला सगळे ‘हॅम’ म्हणतात तो छंद. केंद्र सरकारची परीक्षा द्यायची, परवाना मिळवायचा. प्राथमिक श्रेणीत पास झालात की ‘व्हीयू थ्री’ने सुरू होणारे कॉलसाइन मिळते. नवा परवानाधारक मग हौसेने हातातला छोटा सेट घेतो, बटण दाबतो, हाक मारतो. पलीकडे शांतता. अति उच्च वारंवारतेच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, आणि आमच्याकडे त्या रेषेत सागाचे जंगल उभे असते. चार महिन्यांत सेट कपाटात जातो. परवाने मिळूनही माणसे गप्प राहतात, ती यामुळेच.

म्हणून माझे मत असे की, आमच्या भागातल्या नवख्याने सुरुवात चाळीस मीटरच्या पट्ट्यापासून करावी. सात मेगाहर्ट्झच्या आसपासच्या या लहरी दिवसा वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून चार-पाचशे किलोमीटरच्या परिसरात उतरतात. नागपूर, रायपूर, हैदराबाद त्यात सहज येते. अँटेना म्हणजे सुमारे वीस मीटर तार, मधोमध कापलेली, तिथून केबल खाली आणलेली. दोन झाडे आणि एक बांबू पुरतो.

आता ‘नेट’. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वारंवारतेवर जमणारी ही बैठक. एक जण सूत्रधार असतो. तो आधी तातडीचा निरोप कुणाकडे आहे का विचारतो, मग हजेरी घेतो. आपले कॉलसाइन एकदा स्पष्ट सांगायचे आणि थांबायचे. नाव पुकारले की बोलायचे, निघताना सांगून निघायचे. झाडीपट्टीच्या नाटकांचे माहेर असलेल्या आमच्या गावात एन्ट्री कधी घ्यावी हे कुणाला शिकवायला नको!

जुने जाणकार सांगतात, नवख्याने आधी महिनोन्‌महिने नुसते ऐकावे. मला हे पटत नाही. आठवडाभर ऐका, रीत कळेल. मग बोला. घशाला कोरड पडते ती बोलूनच जाते. उलट माझी तक्रार नेटवाल्यांकडेच आहे. ‘तुमचा आवाज पाच-नऊ, नमस्कार, धन्यवाद’ एवढ्यावर बैठक संपत असेल, तर ती हजेरीच झाली. निरोप शब्दशः घेऊन पुढे पोचवण्याचा सराव कुठे आहे?

आणि तो सराव मराठीत हवा. पुरात अडकलेला माणूस इंग्रजीत बोलणार नाही. पण मराठीचे स्वतःचे खाचखळगे आहेत. खरखरीत ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांतला फरक कान ओळखत नाही. म्हणून ‘पाच, नऊ’ असे सुटे आकडेच सांगावेत. आष्टी आमच्या चामोर्शी तालुक्यात आहे, वर्धा जिल्ह्यात आहे, बीडमध्येही आहे. तालुका-जिल्हा जोडल्याशिवाय ते नाव निरोपात येऊ नये. आमच्याच गावाचे घ्या. रेल्वे म्हणते वडसा, सरकारी कागद म्हणतो देसाईगंज. बाहेरच्या ऑपरेटरला ही दोन गावे वाटली तर औषधे कुठे उतरायची?

हे प्रसंग काल्पनिक नव्हेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हॅम मंडळी सेट घेऊन धावली. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद छंदापोटी अंदमानात गेल्या होत्या; २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्यांचे पोर्ट ब्लेअरचे केंद्र बाहेरच्या जगाशी निरोपांची देवाणघेवाण करू लागले. त्यांना ते जमले, कारण नेट चालवण्याची सवय आधीची होती.

एक नाजूक गोष्ट राहिली. गडचिरोलीत दशकानुदशके वायरलेस म्हटले की पोलीस, वनखाते किंवा मग जंगलातले ‘दादा’ एवढेच लोकांनी जाणले. छपरावर तार दिसली की शेजारी विचारणारच, हा कुणाशी बोलतो? रागावू नये. परवान्याची प्रत ठाण्यात आधीच दाखवून ठेवावी आणि शेजाऱ्याला नेटच्या वेळी घरी बोलवावे. हॅमला सांकेतिक भाषा वापरायची बंदी आहे. ‘क्यूआरएम’ म्हणजे अडथळा, ‘क्यूटीएच’ म्हणजे ठिकाण, ‘त्र्याहत्तर’ म्हणजे शुभेच्छा, ही लघुरूपे जगभर छापलेली असतात. आमच्या बोलण्यात लपवण्यासारखे काही नाही, तसा लपवण्याचा अधिकारही नाही.

जूनच्या आधी एवढे करता येईल: रविवारी सकाळी अर्धा तास, मराठी नेट, सूत्रधार दर आठवड्याला वेगळा, आणि प्रत्येकाने पंचवीस शब्दांचा एक निरोप दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे पोचवायचा. शेवटी मूळ निरोप वाचून ताडून पाहायचा. वडसा, आरमोरी, कुरखेडा, चामोर्शी मिळून पाच-सहा परवानाधारक निघाले तरी पुरे. बॅटरी मात्र भरलेली ठेवा. पहिल्या पावसाबरोबर लाइन जाते, हे वडसेकरांना सांगायला नको.