नेटिव्ह स्पीकर, मु. पो. कोल्हापूर

२०२५ च्या जुलैअखेर पोलंडहून परत आल्यावर हॉस्टेलमध्ये मला तीनच प्रश्न विचारले गेले. किती मिळाले? तिकडे खाल्लंस काय? आणि तिसरा, जो सगळ्यांनीच हसत हसत विचारला, "लेका, तू इंग्लिश शिकवलंस? तू?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. राहणं-खाणं फुकट आणि तीन आठवड्यांचे मिळून नऊशे झ्लॉटी पॉकेटमनी. एक झ्लॉटी म्हणजे तेव्हाचे साधारण तेवीस रुपये. म्हणजे वीसेक हजार. तिकिटालाच त्याच्या तिप्पट गेले, तेव्हा कमाई विचारू नका. खाल्लं काय, तर पिएरोगी. उकडलेल्या करंजीसारखा प्रकार, आत बटाटा आणि पांढरं चीज. शाकाहारी माणूस त्यावर तीन आठवडे काढू शकतो, फक्त मेसच्या आमटीची आठवण येते. (हे वाक्य मी लिहिलंय यावर माझा स्वतःचाही विश्वास बसत नाही.)

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, म्हणून हा लेख.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे आमच्या बॅचने बारा वर्षं इंग्रजी शिकून कॉलेजात पाऊल टाकलं. तरीही एफ.ई.च्या पहिल्या व्हायवाला एक्स्टर्नलनी "टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ" म्हटल्यावर माझ्या तोंडातून नाव आणि रोल नंबर यापलीकडे काही निघालं नव्हतं. उत्तर येत होतं, वाक्य येत नव्हतं. हॉस्टेलमध्ये निम्मी पोरं अशीच आहेत, फक्त कुणी बोलत नाही.

मग मी गेलो कसा? खरं सांगायचं तर युरोप बघायला मिळेल म्हणून. एका एजन्सीकडे ऑनलाइन फॉर्म भरला, इंटरव्ह्यूची पाठ केलेली उत्तरं म्हणून दाखवली आणि निवड झाली. पोलंडच्या ईशान्येला मझुरी नावाचा तळ्यांचा प्रदेश आहे, तिथे कॅम्प होता. तिकडे शाळांना जूनच्या शेवटापासून ऑगस्टअखेरपर्यंत सुट्टी. आईबाप कामावर, त्यामुळे मुलांना अशा कॅम्पला पाठवायची पद्धत जुनीच आहे. साठेक मुलं, वयं आठ ते तेरा. आम्ही चार ट्यूटर: दोन इंग्लंडचे, एक आयर्लंडची, एक मी. सकाळी नऊ ते साडेबारा इंग्रजी, दोनला जेवण, मग होड्या आणि फुटबॉल, रात्री शेकोटी. सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे पोरं झोपायचं नाव घेत नाहीत. आणि ट्यूटर म्हणजे नुसता मास्तर नव्हे. कुणाला आईची आठवण आली, कुणाची चप्पल तळ्यात गेली, कुणाला उलटी झाली, सगळं तुमच्याकडे.

पहिल्या दिवशी मी काय केलं असेल? बोर्डवर टेन्सचा तक्ता काढला. आपल्याला जसं शिकवलं तसंच. पंधरा मिनिटांत अर्धी पोरं खिडकीबाहेर बघत होती आणि दोघं बेंचखाली होते. आयर्लंडच्या बाईंनी संध्याकाळी समजावलं की तोंड बंद ठेव आणि अंग हलव. उठा, बसा, लाल वस्तूला हात लावा, दाराकडे पळा. आधी मुलं ऐकतात आणि करतात, बोलणं नंतर येतं. या पद्धतीला टोटल फिजिकल रिस्पॉन्स म्हणतात आणि ती जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांडली, हे मला नंतर कळलं. आपल्याकडे बालवाडीच्या ताई हेच करतात, नाव न देता.

आणि मग एक गंमत लक्षात आली. पोलिश भाषेत ए, ॲन, द नाहीत. मराठीतही नाहीत! इंग्लंडच्या मुलाला एका पोराने विचारलं, इथे द का? तो म्हणाला, तसंच बरोबर वाटतं. त्याची चूक नाही, त्याला ते कधी शिकावंच लागलं नव्हतं. मला लागलं होतं. मी तळ्याकाठचे खडे आणले. ढिगातला कुठलाही एक उचलला तर 'ए स्टोन', आणि मघाशी उचलला तोच परत मागितला तर 'द स्टोन'. पोरांना समजलं. पोलिशमध्ये डब्ल्यू हे अक्षर व्ही सारखं उच्चारतात, म्हणून ती 'व्हॉटर' म्हणायची. आपलंही व्ही आणि डब्ल्यू दोघांचं काम एका 'व'वर भागतं. शिट्टी मारल्यासारखे ओठ करा, ही युक्ती मी स्वतः एस.ई.ला आरशासमोर शिकलो होतो, ती तिथे उपयोगी पडली. त्यांच्या भाषेत सात विभक्त्या आहेत, संबोधनसुद्धा. काशा नावाच्या मुलीला हाक मारताना 'काशू' म्हणतात. हे ऐकून मला थेट गावाकडे गेल्यासारखं वाटलं.

पण माझ्याही चुका निघाल्या, ते लपवत नाही. मी 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' म्हणायचो. 'डू वन थिंग' तर दर दोन मिनिटांनी. त्या बाईंनी न हसता दुरुस्त केलं. भारतीय इंग्रजीच्या अभिमानाखाली चुका झाकू नयेत, असं माझं मत तिथेच झालं.

आता मुख्य मुद्दा. कॅम्पच्या जाहिरातीत छापलं होतं: सर्व शिक्षक नेटिव्ह स्पीकर. हे मला तिथे पोचल्यावर कळलं. को-ऑर्डिनेटरने बाजूला घेऊन सांगितलं, "कुणी विचारलं तर लंडनला वाढलोय म्हण. तिथे तुझ्यासारखे पुष्कळ आहेत." मी काय म्हणालो? काही नाही. मान हलवली. तिकिटाचे पैसे बाबांनी पतसंस्थेतून काढले होते, एवढंच डोक्यात होतं. पाच दिवस मी लंडनचा होतो.

सहाव्या दिवशी व्हरांड्यात आईशी फोनवर बोलत होतो. "जेवलास का रे?" "होय गं, जेवलो." मागे एक दहा वर्षांचा मुलगा उभा होता. वर्गात एक शब्द न बोलणारा. त्याने विचारलं, लंडनमध्ये असं बोलतात? मला परत खोटं बोलवेना. म्हटलं, नाही, ही मराठी. मी कोल्हापूरचा, भारतातला. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "सो यू लर्न इंग्लिश? लाइक मी?"

लाइक मी. या दोन शब्दांवर मी आजवर विचार करतोय. चमत्कार वगैरे झाला नाही, तो काही दुसऱ्या दिवशी फडाफडा बोलायला लागला नाही. पण तो बोलायला लागला. चुकत, अडखळत. कारण समोरचा माणूसही एकेकाळी अडखळला होता, हे त्याला कळलं.

शेवटच्या दिवशी पालकांसमोर मी स्वतःच खरं सांगितलं. नकाशा लावून कोल्हापूर दाखवलं आणि वळिवड्याचंही सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियात हद्दपार केलेल्या आणि तिथून सुटलेल्या पोलिश लोकांपैकी पाचेक हजार जण, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे कॅम्पात राहिले. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. वॉर्सात त्याचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये आपले पंतप्रधान तिथे जाऊन आले. कुणाची आजी वळिवड्याला होती वगैरे सिनेमासारखं काही घडलं नाही. बहुतेकांना कोल्हापूर हे नावच नवीन होतं. एका वडिलांनी रागावून विचारलं, मी नेटिव्हचे पैसे भरलेत त्याचं काय? त्यांचा राग बरोबर होता. पण ज्याने जाहिरात छापली तो मागे उभा होता आणि बोलणं मी खात होतो. एक आई मात्र म्हणाल्या की २००४ साली पोलंड युरोपियन युनियनमध्ये गेल्यावर त्या आयर्लंडला हॉटेलात कामाला गेल्या होत्या, आणि किचनमध्ये नेटिव्ह फक्त मॅनेजर होता. बाकी सगळं जग तिथे इंग्रजी बोलत होतं, आपापल्या पद्धतीने.

मला म्हणायचंय ते हेच. ब्रज काचरू नावाचे काश्मीरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ अमेरिकेत प्राध्यापक होते. त्यांनी १९८० च्या दशकातच इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली आणि भारताला दुसऱ्या वर्तुळात ठेवलं, म्हणजे इंग्रजी वापरून स्वतःची करून घेतलेल्या देशांत. कॅम्पवाले अजून पासपोर्ट बघतात. आणि आपण? आपण तर हॉस्टेलमध्ये रोज तेच करतो. सेमिनारला कुणी 'डेव्हलपमेंट'चा उच्चार चुकवला की मागच्या बाकावरून खसखस पिकते. हसणारा नेटिव्ह असतो का? तोही सांगली, बीड, जळगावचाच असतो. मीही हसलोय, कबूल करतो.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात. जाहिरातीत तुमच्याबद्दल काय छापलंय ते आधी लेखी मागा. ज्या कामाला जाताय त्याच कामाचा व्हिसा घ्या, टूरिस्ट व्हिसावर शिकवायला जाऊ नका. मुलांमध्ये काम करायचं म्हणून पोलीस पडताळणीचा दाखला लागतो, पोलंडमध्ये हे नियम २०२४ मध्ये आणखी कडक झालेत आणि ते योग्यच आहे. नोकरीसाठी सर्टिफिकेट हवं असेल तर सरळ कंपनीत इंटर्नशिप करा. लहान मुलांचा कंटाळा असेल तर कृपया जाऊच नका.

आणि ज्यांना साठ हजारांचं तिकीट परवडत नाही, त्यांचं काय? असे आपल्यात जास्त आहेत. म्हणून प्राध्यापक मंडळींना आणि एन.एस.एस.च्या सरांना एक विनंती. आपलं सात दिवसांचं श्रमसंस्कार शिबिर दरवर्षी होतं. बंधारा बांधतो, रस्ता झाडतो. त्यात रोज सकाळी दोन तास गावातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांसाठी इंग्रजीचा कॅम्प घ्यावा. तक्ता नको, फळा नको, खडे, चेंडू आणि पळापळ. आणि शिकवायला टॉपर पाठवू नका. व्हायवाला ज्यांची बोबडी वळते ती पोरं पाठवा. गावातल्या मुलांना 'लाइक मी' म्हणता येईल असा मास्तर मिळेल, आणि आपल्या पोरांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी न हसता ऐकेल.

पहिलं नाव माझं लिहून घ्या. खडे मी आणतो.

— टी.ई. (मेकॅनिकल), हॉस्टेल ब्लॉक बी