कांद्याचे वाफे आणि टी-टेस्ट

मंडळी, या वीकेंडला थोडी आकडेमोड. घाबरू नका, सूत्र एकही नाही.

आमच्या हापिसात सरासऱ्यांची तुलना करायची वेळ आली की पहिला प्रश्न ठरलेला : "कुठली टेस्ट लावू?" उत्तरही पाठ. गट दोन असले तर टी-टेस्ट, जास्त असले तर अॅनोव्हा. माझं मत असं की हा प्रश्न फार उशिरा विचारला जातो. आकडे हातात येईपर्यंत टेस्ट बरीचशी ठरून गेलेली असते.

आमच्या कोल्हारचंच उदाहरण घ्या. प्रवरेकाठचं गाव, कांदा भरपूर. समजा प्रश्न आहे, बसवंत ७८० जास्त पिकतो की फुले समर्थ? दहा शेतकऱ्यांनी आपापल्या वावरात दोन्ही वाण शेजारी-शेजारी लावले, तर आकडे जोडीजोडीने येतात. नदीकडचं रान आणि वरचं माळरान यांच्यातला फरक वजाबाकीतच निघून जातो. इथे पेअर्ड टी-टेस्ट. पण दहांनी एक वाण लावला आणि दुसऱ्याच दहांनी दुसरा, तर जोड्या कुठून आणणार? मग साधी दोन गटांची टेस्ट, आणि चढउतार सारखे नसतील तर वेल्चची. मधेच एखाद्याचा कांदा सडला आणि त्या एका आकड्याने सरासरी ओढली, तर क्रमांकांवर चालणाऱ्या टेस्ट आहेतच. असो.

खरी गंमत वाण वाढले की सुरू होते. पाच वाण म्हणजे दहा जोड्या. सगळे वाण प्रत्यक्षात अगदी सारखे असले, तरी प्रत्येक जोडीला पाच टक्क्यांची टी-टेस्ट लावत गेलं की निदान एक खोटा 'विजेता' सापडण्याची शक्यता पाव हिश्शाच्या वर जाते. म्हणून आधी अॅनोव्हा : कुठे काही फरक आहे का? असेल तर मग जोड्या, त्याही टुकीसारखी सुधारणा लावून.

हे सगळं शास्त्र शेतातूनच आलंय बरं का! टी-टेस्टचा गॉसेट (१९०८) गिनेस कंपनीत बार्लीशी झुंजत होता, अॅनोव्हावाला फिशर रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात होता. आपल्याकडे पानसे-सुखात्मे यांचं शेती संशोधकांसाठीचं संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ साली आलं. आणि कोल्हारशेजारी राहुरीला कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या लोकांना हे मी सांगणं म्हणजे काशीत गंगाजल विकणं.

माझा राग आहे तो चकचकीत माहितीपत्रकांवर. एका वावरातला एक तुकडा, त्यातले पन्नास कांदे तोलले, "पन्नास नमुने" म्हणून छापले. अहो, कांदे पन्नास, पण तुकडा एकच! फरक वाणाचा, खताचा की पाटाच्या पाण्याचा, हे जगातली कुठलीही टेस्ट सांगू शकणार नाही. (एकाच युजरचे चाळीस क्लिक चाळीस माणसं म्हणून मोजणाऱ्या आयटीवाल्यांनी फार हसू नये.) आपला चुकलेला रिपोर्ट सोमवारी दुरुस्त होतो. चुकीच्या बियाण्यावर शेतकऱ्याचा अख्खा हंगाम आणि सोसायटीचं कर्ज लागलेलं असतं.

त्यामुळे गावाकडचं कुणी असं माहितीपत्रक व्हॉट्सअॅपवर पाठवून "घेऊ का हे बी?" विचारतं, तेव्हा मी उत्पन्नाचा आकडा बघतच नाही. दोनच गोष्टी विचारायला सांगतो : किती वावरांत लावलं होतं? आणि कुठल्या तुकड्यात कुठलं बी जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, की कंपनीच्या माणसाने?