चुलीचा वैल आणि भांड्याची गोधडी

गेल्या आठवड्यात निफाड तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले. त्यांच्या मुलाने दिवाळीला पुण्याहून विजेवर चालणारे मंद आचेचे भांडे, म्हणजे ‘स्लो कुकर’, आणून दिले. रात्री कडधान्य घालून बटण दाबावे, सकाळी उसळ तयार. त्या विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, यातले अन्न प्रकृतीला चांगले असते का? शेजारीण म्हणते, मंद शिजवल्याने सगळे सत्त्व राहते, आणि शिट्टीच्या कुकरमध्ये ते जळून जाते.’ पत्राच्या शेवटी एक ओळ अशीच लिहिली आहे. सासूबाईंना हे यंत्र मुळीच पटलेले नाही. थंडीमुळे त्या हल्ली खोलीबाहेर येत नाहीत, दिवसभर एकट्याच बसून असतात.

सासूबाईंना यंत्र पटत नाही याचे मला नवल वाटले, कारण हे यंत्र त्यांच्या चांगल्या ओळखीचे आहे. आपल्या जुन्या चुलीला शेजारी जोडून वैल असे. मुख्य चुलीतली धग मधल्या भोकातून वैलाकडे जाई. पुढे भाकरी भाजून होईपर्यंत मागे वैलावर उडदाचे घुटे नाही तर हुलग्यांचे कढण कुणी लक्ष न देता शिजत राही. बाजरीचा खिचडाही तिथेच होई. स्लो कुकर म्हणजे हाच वैल, फक्त विजेवरचा. साधारण दोनशे ते तीनशे वॅट वीज तो घेतो, म्हणजे जुन्या शंभराच्या दोन-तीन बल्बांएवढी. कमी आचेवर सात-आठ तास, जास्त आचेवर तीन-चार तास. सासूबाईंना एवढे सांगून पाहावे.

मात्र चुलीची ही आठवण काढली म्हणून कुणी पुन्हा चुलीकडे वळू नये. माझ्या दवाखान्यात दम्याने आणि जुनाट खोकल्याने बेजार होऊन येणाऱ्या कित्येक म्हाताऱ्या बायांनी आयुष्यात कधी विडी ओढलेली नसते. त्यांनी चाळीस वर्षे चूल फुंकलेली असते.

आता सत्त्वाचे. शेजारीणबाईंचे म्हणणे बरोबर नाही. डाळीतली प्रथिने, लोह, चुना हे शिट्टीच्या कुकरमध्ये जळून जात नाहीत. त्या कुकरात वाफेच्या दाबामुळे उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते, पण काम वीस मिनिटांत उरकते. ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने जाते ते दोन्हीकडे जाते. भाजीचे किंवा डाळीचे शिजवलेले पाणी ओतून देण्याने याहून अधिक नुकसान होते, त्याची चर्चा मात्र कोणी करीत नाही. मंद आचेचा फायदा निराळा आहे. दात नसलेल्या माणसाला लोण्यासारखी मऊ उसळ मिळते, तेल कमी लागते, आणि रांधणाऱ्या बाईला शेगडीसमोर उभे राहावे लागत नाही. तिचे दोन तास मोकळे होतात. हे दोन तास मला सत्त्वापेक्षा मोलाचे वाटतात. त्यांचे काय करावे ते पुढे सांगतो, कारण आधी काही धोके सांगणे भाग आहे.

पहिला धोका विजेचा. आपल्याकडे वीज रात्री केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा भरवसा नाही. अन्न पाच अंशांच्या वर आणि साठ अंशांच्या खाली तासन् तास राहिले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. त्यांतल्या काही जंतूंचे विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. म्हणून माझे मत असे, की हे भांडे रात्री लावून झोपू नये. सकाळी नऊला लावावे, घरात कोणी असताना. वीज गेलेली समजली तर लगेच गॅसवर उकळून शिजवून घ्यावे. किती वेळ गेली होती हेच माहीत नसेल तर ते अन्न टाकून द्यावे. उरलेले शिळे अन्न गरम करण्यासाठीही हे भांडे वापरू नये, ते फार सावकाश तापते.

दुसरा धोका राजम्याचा. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असते. ते खळखळ उकळण्याने नाहीसे होते, पण नुसत्या कोमट-गरम आचेवर ते नाहीसे होत नाही, उलट जोर धरते. असा राजमा खाल्ल्यावर दोन-तीन तासांत उलट्या सुरू होतात. राजमा रात्रभर भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे, नव्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळून उकळावा आणि मगच मंद भांड्यात घालावा. चिंच, आमसूल, टोमॅटो शेवटी घालावे. आंबटामुळे कडधान्य लवकर मऊ होत नाही.

तिसरा धोका सांगताना आजही हात जड होतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका पहाटे एका कुटुंबातल्या तिघांना बैलगाडीतून माझ्याकडे आणले. नवरा-बायकोला उलट्या होत होत्या, डोके फुटेल असे दुखत होते. मुलगी गुंगीत होती. सगळ्यांची समजूत, रात्रीच्या जेवणातून विषबाधा झाली. मी विचारले, घरात आणखी कोण? तर म्हणाले, आई आहे, ती अजून झोपलीच आहे. सकाळी पायाचा गरम रस्सा मिळावा म्हणून त्या घराने कोळशाच्या शेगडीवर पातेले ठेवले होते, आणि थंडी म्हणून शेगडी आजीच्या उशाशी, दार-खिडकी घट्ट लावून. रस्सा उत्तम शिजला होता. आजी उठल्या नाहीत.

कोळशाच्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. धूर नाही म्हणजे धोका नाही, असे लोकांना वाटते. मोकळ्या अंगणातली किंवा पहाटे द्राक्षबागेतली शेकोटी वेगळी, कारण डोक्यावर आभाळ असते. बंद खोलीत पेटती शेगडी कधीही, कोणत्याही कारणाने ठेवू नये. खिडकीची एक फट ठेवली म्हणूनही ठेवू नये. एकाच खोलीतल्या अनेकांचे एकाच वेळी डोके दुखू लागले तर आधी दार उघडून सर्वांना बाहेर आणावे आणि मग दवाखाना गाठावा.

मग रस्सा मंद शिजवायचा कशावर आणि ऊब आणायची कुठून? माझे उत्तर आहे गोधडी, अंगावरची आणि भांड्याचीही.

भांड्याला गोधडी हा शब्द ऐकून हसू येईल, पण ही युक्ती फार जुनी आहे. १८६७ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात नॉर्वेची अशी पेटी मांडली होती. आत जाड अस्तर, मध्ये भांडे. पुढे दोन्ही महायुद्धांच्या काळात इंधन वाचविण्यासाठी इंग्लंडमधल्या गृहिणींनी खोक्यात गवत भरून तेच केले. तत्त्व साधे आहे. अन्न एकदा नीट उकळले की ते शिजायला नवी आच लागत नाही, आहे ती उष्णता टिकली तरी पुरते.

आपल्या जिल्ह्यात द्राक्षांची खोकी घरोघरी पडलेली असतात. एक मोठे खोके घ्यावे. तळाशी आणि चारही बाजूंनी गव्हाचे काड किंवा भाताचा पेंढा चार बोटे जाड दाबून भरावा. त्यावर जुन्या सुती लुगड्यांची किंवा धोतरांची गोधडी अस्तरासारखी बसवावी आणि वरून झाकायला एक जाड चौकोनी गादी शिवावी. कापड सुतीच हवे. टेरिकॉट, नायलॉन गरम भांड्याला चिकटते आणि वितळते. भांडे घट्ट झाकणाचे, आखूड कानांचे आणि निदान पाऊण भरलेले असावे. अर्धे रिकामे भांडे लवकर निवते.

भाताला पाच मिनिटे खळखळ उकळी द्यावी, झाकण न उघडता खोक्यात ठेवावे, तासाभरात भात मोकळा होतो. मुगाच्या डाळीला दहा मिनिटे उकळी आणि दीड तास. तूरडाळ आधी अर्धा तास भिजवावी, मग पंधरा मिनिटे उकळी आणि दोन तास. रात्रभर भिजवलेले उडीद किंवा हुलगे अर्धा तास उकळून तीन-चार तास ठेवावेत, पण चार तासांवर नको. काढल्यावर अन्न चटका बसेल इतके गरम असायला हवे, आणि तरीही वाढण्यापूर्वी पुन्हा एक उकळी द्यावी. कोमट निघाले तर खोक्याचे अस्तर पातळ आहे असे समजावे, ते अन्न वाढू नये. मटण, पाया आणि राजमा या खोक्यात शिजवू नये, त्यांना शिट्टीचा कुकरच बरा. मी कुकरचा शत्रू नाही.

हे अस्तर शिवायला एका माणसाला आठवडा लागतो, घरातले चौघे बसले तर दोन संध्याकाळी पुरतात. वर म्हटलेले मोकळे दोन तास इथे खर्च करावेत. पत्र लिहिणाऱ्या भगिनींच्या सासूबाईंनी आयुष्यात वीस-पंचवीस गोधड्या तरी शिवल्या असतील असा माझा अंदाज आहे. धावदोरा कडेकडेने घालत आत कसा न्यावा, थर सरकू नयेत म्हणून आधी कुठे टाके घ्यावेत, हे त्यांना ठाऊक असणार. नातवंडांना ते ठाऊक नाही. थंडीत एकट्या बसणाऱ्या वृद्धांना भूक लागत नाही, झोप येत नाही, सांधे धरतात. अशा तक्रारी घेऊन ते माझ्याकडे येतात आणि मी गोळ्या लिहून देतो. त्यांतल्या काहींना गोळीपेक्षा कुणीतरी ‘आजी, हा टाका कसा घालायचा?’ असे विचारण्याची गरज अधिक असते. हे वैद्यकाच्या पुस्तकात मी वाचलेले नाही, पण तीस वर्षे पाहत आलो आहे.

सुईकामात थोडी काळजी मात्र घ्यावी. जुनी लुगडी आधी कडकडीत पाण्यात धुऊन उन्हात वाळवावीत, नुसते ऊन दाखवून भागत नाही. दम्याच्या माणसाने जुनी कापडे फाडू-झटकू नयेत. बोटे आखडत असतील तर बसण्यापूर्वी ती पाच मिनिटे गरम पाण्यात धरावीत, आणि अर्ध्या तासाने उठून दोन फेऱ्या माराव्यात. मधुमेह्याने अंगुस्तान घातल्याशिवाय सुई हातात घेऊ नये. बसताना सुया मोजाव्यात, उठताना पुन्हा मोजाव्यात. पायाची संवेदना गेलेल्या एका मधुमेही गृहस्थांच्या टाचेतून मी मोडकी सुई काढली आहे. ती केव्हा घुसली हे त्यांना सांगता आले नाही.

संक्रांत जवळ आली की याच बैठकीत काटेरी हलवाही करता येईल. मंद आचेवरच्या परातीत तिळांवर चमचा-चमचा पाक सोडत हाताने हलवत राहायचे. हिवाळ्यातच काटा चांगला फुटतो. दागिने ओवायला पोरांना आवडते. पण पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती हलवा आणि शेंगदाणे देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकतात. बोरन्हाणात तान्ह्याच्या डोक्यावरून बोरे, हलवा ओततात, तेव्हा एका मोठ्या माणसाने बाळाच्या तोंडाकडेच लक्ष ठेवावे.

हे वाचून पुष्कळ घरांत असे होईल की गोधडी आजीने शिवायची, डाळ सुनेने उकळायची आणि कौतुक पुरुषांनी करायचे. मग तिचे दोन तास मोकळे झाले कुठे? आमच्या घरी खोके भरण्याचे काम माझ्याकडे आहे आणि पेंढा नीट न दाबल्याबद्दल मी बोलणी खाल्ली आहेत. झाकणाची गादी नातवाने शिवली, टाके वाकडे आहेत, एक कोपरा उसवतो. गेल्या रविवारी अकराला ठेवलेली तूरडाळ एकला काढली, तेव्हा भांड्याला हात लाववत नव्हता.

पत्र पाठविणाऱ्या भगिनींना उत्तर एवढेच की मुलाने आणलेले यंत्र परत करू नका. दिवसा वापरा, राजम्याचे ध्यानात ठेवा. आणि सासूबाईंना विचारा, माळ्यावरच्या ट्रंकेत जुनी सुती लुगडी अजून आहेत का.

पुढील आठवड्यात थंडीने भेगाळणाऱ्या टाचांविषयी.